आत्याचं कुरूप

आत्याच्या पाया मी कळायला लागल्यापासून पडत आले. दिवाळीला, परीक्षेला निघताना, लग्नानंतर माहेरपणाला गेल्यावर. लोणंदच्या घरात उंबऱ्याशी वाकलं की तिची रुंद पावलं दिसायची, झिजलेली जोडवी दिसायची. पण वाकून दिसतं ते वरचं पाऊल. तळवा भुईला टेकलेला असतो. तिच्या उजव्या टाचेखाली काळा डाग नेमका कधी उठला हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही, तिलाही नाही.

२०१७ च्या आषाढात ती नेहमीसारखी माउलींच्या पालखीबरोबर लोणंदहून पंढरपूरला चालत गेली. परत आली ती लंगडत. "काटा मोडलाय गं, आत राहिलाय," म्हणाली. मग जे आपल्याकडे होतं ते सगळं झालं. रुईचा चीक लावून झाला. एकीने सुई तापवून टोकरलं. बिब्बा घातला, आणि बिब्ब्याचा काळा डाग त्या काळ्या डागावर असा बसला की दोन्हींत फरक उरला नाही. दिवाळीच्या सुमारास एका डॉक्टरांनी कुरूप म्हणून ते कापून काढलं. कापलेला तुकडा तिथल्याच बादलीत गेला. आज मला राहून राहून तो तुकडा आठवतो. तो बाटलीत घालून तपासायला पाठवला असता तर ऑक्टोबरातच कळलं असतं.

जखम भरेना. आत्याला मधुमेह होता, त्यामुळे प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं: साखर. चार महिने ड्रेसिंग चाललं. काळेपणा बराचसा गेला आणि मधे गुलाबी, ओलसर मांस वर आलं, बोट लागलं तरी रक्त यायचं. मार्चमध्ये जांघेत गाठ आली. आई म्हणाली, "पायाला जखम आहे, अवधाण आलंय." तसं म्हणण्यात तिची चूक नव्हती. पायाला लागलं की अवधाण येतंच, आम्ही लहानपणापासून तेच बघितलंय. पण अवधाण आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं, आणि दुखतं. ही गाठ दुखत नव्हती आणि उतरतही नव्हती.

साताऱ्यातल्या एका सर्जननी पाय हातात घेतला, भिंग लावलं, आणि गुलाबी मांसाच्या कडेला शाई फुटल्यासारखी काळी किनार आम्हाला दाखवली. तुकडा तपासायला गेला. रिपोर्टात शब्द आला मेलॅनोमा, म्हणजे कातडीतल्या रंगपेशींचा कर्करोग. मी तेवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, तरी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर आम्ही परळला टाटा हॉस्पिटलमध्ये गेलो. स्कॅनमध्ये फुप्फुसात ठिपके दिसले. शरीराच्याच प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं आहेत असं तिथे समजलं, पण तेव्हा एकेका डोसाची किंमत लाखाच्या घरात होती. त्याच वर्षी, २०१८ च्या ऑक्टोबरात, या उपचारांचा पाया घालणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ती बातमी मी आत्याच्या उशाशी बसून वाचली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये आत्या गेली. तिच्या रिपोर्टात एक ओळ होती, 'ब्रेस्लो जाडी ६.२ मिमी'. तिचा अर्थ मला पुढे माझी वेळ आली तेव्हा कळला.

माझी वेळ २०२२ च्या सप्टेंबरात आली. गौरी उठल्या होत्या, घर आवरून झालं होतं, आणि मी न्हाणीत बसून वजरीने टाचा घासत होते. डाव्या तळव्यावर, चवड्याखाली करंगळीच्या बाजूला, तपकिरी ठिपका दिसला. मसुराच्या डाळीपेक्षा थोडा मोठा. घासून गेला नाही. साबणाने, मग खोबरेल तेलाने पुसून पाहिला, तरी नाही. उकिडवी तशीच किती वेळ बसून राहिले कोण जाणे. सासूबाईंना दाखवला तर त्या मायेनेच म्हणाल्या, "अगं, तळव्याला तीळ आहे, परदेशी जाशील." तळव्यावरचा तीळ फिरवतो, तळहातावरचा पैसा देतो, हे आपण सगळेच ऐकत आलोय. त्यामुळे अशा जागी तीळ दिसला की आपल्याला बरं वाटतं, आणि तो नवा आहे की जुना हे विचारायचं राहून जातं. माझा नवा होता. निदान मला आधी कधी दिसलेला नव्हता, आणि तेवढंच मला पुरेसं वाटलं.

ह्यांनी पट्टी शेजारी धरून फोनवर फोटो काढला. सात मिलिमीटर. चौथ्या दिवशी आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी पाय बघितलाच नाही. आधी प्रश्न विचारले. अंगावर तीळ किती, जन्मापासून एखादा मोठा काळा डाग आहे का, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत का, किडनी वगैरे बसवली आहे का, उन्हाने कातडी भाजून फोड आलेत का कधी. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी कुणाला मेलॅनोमा झालाय का. मी आत्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, अगदी जवळच्या नात्यात असेल तर धोका वाढतो हे खरं, पण तळव्यावर होणाऱ्या प्रकारात आनुवंशिकतेचा हात तितका स्पष्ट नाही. "तुम्ही आत्यामुळे घाबरलात हे चांगलं झालं, पण तुमचा डाग आत्यामुळे आला असेल असं नाही."

मग त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळजवळ सारख्याच असतात, आपल्या पेशी रंग जास्त बनवतात एवढंच. त्या रंगामुळे उन्हापासून आपलं रक्षण होतं, म्हणून गोऱ्या लोकांना हा कर्करोग आपल्या कितीतरी पट जास्त होतो. पण आपल्याला जेव्हा होतो तेव्हा तो बहुतेक वेळा जिथे ऊन पोचत नाही तिथे सापडतो: तळवा, तळहात, नखाखाली, कधी तोंडाच्या आत. या प्रकाराला १९७६ मध्ये रिचर्ड रीड यांनी वेगळं नाव दिलं, एक्रल लेंटिजिनस. आपल्याकडे तो दुर्मीळच आहे, पण सापडतो उशिरा, कारण तो आपल्याला होतो हेच कुणाच्या डोक्यात नसतं. माझा दीर ब्रिस्बेनला असतो. तिकडे शाळेत टोपी नसेल तर मुलाला मैदानात खेळू देत नाहीत, ऑफिसातले लोक दरवर्षी अंग तपासून घेतात. त्याने फोनवर मला सनस्क्रीनबद्दल खूप सांगितलं. सगळं बरोबर होतं, पण त्यातलं काहीही माझ्या तळव्यापर्यंत येत नव्हतं.

प्रश्न झाल्यावर त्यांनी केसांच्या भांगांपासून बघायला सुरुवात केली. कानामागे, मानेवर, पाठ, काखा, पायाच्या बोटांच्या बेचक्या. जोडवी काढायला सांगितली. सत्तावीस वर्षांत बाळंतपणं सोडली तर मी ती काढली नव्हती. तोंड उघडून टाळू पाहिला. सगळ्यात शेवटी डाग.

त्यांच्याकडे दिवा लावलेलं भिंग होतं, डर्मोस्कोप म्हणतात त्याला. डागावर जेल लावून ते टेकवलं आणि दहा पटींनी मोठं चित्र फोनच्या पडद्यावर आलं. मला त्यात नांगरलेलं रान दिसलं. मी तसं म्हणाले तर त्यांना हसू आलं. "ऊस केलाय का घरी? मग सरी-वरंबा तुम्हाला सांगायला नको." तळव्याच्या कातडीला खरोखरच सऱ्या असतात आणि वरंबे असतात. वरंब्यावर ओळीने बारीक पांढरे ठिपके दिसतात, ती घामाची छिद्रं. साध्या तिळात रंग सहसा सरीत साचतो, पाटाचं पाणी सरीत राहतं तसा. मेलॅनोमात तो वरंब्यावर चढतो. जपानी डॉक्टरांनी हा फरक शोधून काढला, आणि तळव्यावरचा डाग ओळखण्यासाठी जगभर आता तोच बघतात. माझ्या डागाच्या बऱ्याच भागात रंग कुठे आहे ते नीट ठरत नव्हतं. पण बोटाकडच्या टोकाला तो वरंब्यावर होता. मला ते न शिकता दिसत होतं.

"काढून तपासू," त्या म्हणाल्या. मी विचारलं, थोडासा तुकडा घेऊन भागणार नाही का? त्यांनी सांगितलं, डाग लहान आहे तोवर दोन-तीन मिलिमीटर कड ठेवून सगळाच काढलेला बरा. एका कोपऱ्यातून तुकडा घेतला आणि दोष दुसऱ्या कोपऱ्यात असला तर रिपोर्ट चांगला येतो आणि माणूस फसतं. आणि काहीही झालं तरी जाळायचं नाही, चामखीळ जाळतात तसं, कारण जाळलं की तपासायला काही उरत नाही.

तळव्यात भुलेचं इंजेक्शन फार लागतं. म्हणून आधी घोट्याशी सुई देऊन तळवा बधिर केला. वीस मिनिटांचं काम. नर्सने फॉर्मॅलिनची बाटली माझ्यासमोर धरली, तिच्यावर माझं नाव, तारीख आणि 'डावा तळवा' लिहिलं आणि मला वाचायला लावलं. मी ती बाटली नीट बघून घेतली. आत्याच्या वाट्याला ती आली नव्हती.

दहा दिवस. पायाला टाके, खुर्चीवर पाय ठेवून चौथीच्या चाचणीचे पेपर तपासत बसलेली मी. मुलगा नेटवर शोधत बसायचा. बॉब मार्लीलाही पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच प्रकार झाला होता म्हणे, १९७७ मध्ये कळलं आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. फुटबॉल खेळताना लागलं असेल असंच सुरुवातीला सगळ्यांना वाटलं होतं. मी मुलाला सांगितलं, आता मला काही वाचून दाखवू नकोस. त्या दिवसांत मला कुणी धीर देणं नको होतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हावी, शेजारच्या वर्गासारखा घरात गोंगाट असावा, एवढंच हवं होतं.

रिपोर्ट आला तो अधांतरी. रंगपेशी वाढल्या आहेत, ठेवण संशयास्पद आहे, तज्ज्ञांकडून फेरतपासणी करावी. डॉक्टर म्हणाल्या, यात त्या पॅथॉलॉजिस्टचा प्रामाणिकपणा आहे. तळव्यावरची अगदी सुरुवात सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा ओळखायला अवघड असते. मग लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड घेतल्या. ब्लॉक म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आपला काढलेला तुकडा मेणात बसवून वडीसारखा ठेवतात, आणि त्याचे अगदी पातळ काप करून काचेवर चिकटवतात त्या स्लाइड. हे आपण मागून घेऊ शकतो आणि दुसरीकडे दाखवू शकतो. पावती मात्र जपून ठेवावी. ह्यांनी तो डबा रुमालात गुंडाळून मांडीवर घेतला आणि एसटीने आम्ही पुन्हा परळला गेलो, चार वर्षांपूर्वी आत्याला घेऊन गेलो होतो त्याच रस्त्याने. खंबाटकीच्या बोगद्यात दोघंही काही बोललो नाही.

आणखी काही विशेष रंग लावून त्यांनी काप तपासले. उत्तर आलं: मेलॅनोमा इन सिटू. म्हणजे कर्करोगाच्या पेशी आहेत, पण कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातच. खालची भिंत त्यांनी ओलांडलेली नाही. उंबऱ्याच्या आतच आहेत. घरी येऊन मी आत्याची जुनी फाइल काढली. ब्रेस्लो जाडी म्हणजे कर्करोग वरून खाली किती मिलिमीटर उतरला आहे ते मोजलेलं माप. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो या डॉक्टरांनी दाखवून दिलं की रोगी वाचणार का, हे या मापावरून बरंचसं सांगता येतं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक माणसं बरी होतात, चारच्या पुढे गेलं की सगळ्यात वाईट गट. आत्याचं ६.२. माझ्या कागदावर जाडीचा आकडा नव्हताच, कारण खाली काही उतरलंच नव्हतं. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मी खूप रडले. सुटले म्हणून नाही. तिचाही आकडा कधीतरी, कुठल्यातरी महिन्यात, माझ्याइतकाच रिकामा असणार होता. तो महिना आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून, चपलेत, कोल्हापुरीच्या जाड तळाखाली निघून गेला.

दुसरी शस्त्रक्रिया नोव्हेंबरात झाली. कडेने आणखी एक सेंटिमीटर कातडी काढली आणि मांडीची पातळ कातडी तिथे बसवली. जांघेतल्या गाठी तपासायची गरज पडली नाही, केमोथेरपी नाही, काही नाही. पाय सहा आठवडे टेकवला नाही. मांडीची जागा पायापेक्षा जास्त आगआग करत होती, हे मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. आता तळव्यावर नाण्याएवढा खोलगट, पांढुरका डाग आहे. चालताना कळतं, बूट मऊ लागतात. दर सहा महिन्यांनी तपासणी.

आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातली तपासणी. खिडकीशी प्लास्टिकची खुर्ची, पुढे उजेड, हातात छोटा आरसा. जोडवी काढून. मेंदी ताजी असेल त्या महिन्यात तळहाताचं, तळपायाचं काही कळत नाही, म्हणून मी तळपायाला मेंदी लावायची सोडलीच आहे, नेलपॉलिशही. डोकं मी सासूबाईंकडून बघून घेते, तेल लावताना त्या भांग पाडत जातात. पाठ हे बघतात. तिळाचे दोन अर्धे एकसारखे आहेत का, कड फाटकी आहे का, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत का, पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा, म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा, मोठा आहे का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गेल्या महिन्यापेक्षा बदलला आहे का. हे अंगावरच्या तिळांसाठी. पण तळव्याचं गणित थोडं वेगळं आहे, तिथे डाग सहा मिलिमीटर होण्याची वाट बघत बसू नये. रंग आहे, नक्की काय आहे ते कुणी सांगू शकत नाही, रक्त येतं, वाढतंय, दोन महिन्यांत भरत नाही, यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी तज्ज्ञाकडे जायचं. आत्याच्या पायाला पाचही होत्या. आणि रंग नसला म्हणून गाफील राहू नये. तिची जखम शेवटी गुलाबीच होती.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं दिसलं. त्यांना खात्री होती की खलबत्त्याचा बत्ता लागला. मला धीर निघेना. नखाचं मला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आपल्या रंगाच्या माणसांत वयाबरोबर अनेक नखांवर उभ्या काळसर रेघा येतात, त्यांनी घाबरायचं नसतं. एकाच नखावर नवी, रुंद होत जाणारी पट्टी आली, आणि तिचा काळेपणा नखाबाहेर कातडीत उतरला, तर मात्र थांबायचं नाही. जोनाथन हचिन्सन या डॉक्टरांनी १८८६ मध्येच हे लिहून ठेवलंय, आणि त्यांनी त्याला काळं नखुरडंच म्हटलं होतं. सासूबाईंच्या कातडीवर काही नव्हतं. डॉक्टरांनी भिंगातून बघितलं, साकळलेलं रक्त वाटतंय म्हणाल्या, आणि फोटो काढत राहायला सांगितलं. रक्त असेल तर ते नखाबरोबर पुढे सरकतं, महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. आम्ही दर महिन्याला फोटो काढला. काळा डाग खरंच पुढे पुढे गेला, मागून स्वच्छ नख आलं, आणि सहाव्या महिन्यात सासूबाईंनी नेलकटरने शेवटचा काळा तुकडा कापून मला आणून दिला.

२०२४ च्या आषाढात पालखी लोणंदला मुक्कामाला आली तेव्हा मी वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायच्या सेवेला बसले. आत्याच्या घराजवळच मंडप होता. पायांची रांग लागलेली. भेगा, फोड, चिखल्या, काट्यांचे जुने वण. मी टॉर्च ठेवला होता. तेल चोळायच्या आधी तळवा पुसायचा आणि बघायचा, एवढं मी ठरवून गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मराठवाड्यातल्या एक आजी आल्या, सत्तरीच्या. उजव्या चवड्यावर काळसर, टणक ठिपका. "काटा मोडलाय बाई," त्या म्हणाल्या, "लई दिवस झाले."

माझा हात थांबला. मी त्यांना घाबरवलं नाही. त्यांच्या नातवाला बाजूला घेतलं, पट्टी धरून फोटो काढायला लावला, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्वचेचा विभाग विचारायला सांगितलं, आणि कागदावर लिहून दिलं की कापायचं झालं तर तुकडा तपासायला पाठवा. माझा नंबरही दिला. मग आजींच्या दोन्ही पायांना तेल लावलं, त्या पुढे चालत्या झाल्या.

श्रावण संपत आला तेव्हा फोन आला. नातवाचा असेल असं वाटलं, पण आजीच बोलत होत्या. "बाई, कुरूपच हाय म्हनं. पर त्या डाक्टरीणबाईनं जेल लावून भिंगातनं बघितलं आन् मगच सांगितलं."